मुंगसाची शंभर चोरपावलं

हॅलो?… हॅलो, कोण?… आवाज कटून राह्यला. थांबा जरा, गच्चीवर जाते, खाली रेंज न्हाई… हां, बोला आता. कोण बोलतंय?…

गजाला?

…अगं न्हाई, न्हाई, आवाज ओळखला. नंबर नवीन दिसला म्हणून… तुझ्या भावाचा, परवेजचा का?… मला वाटलं लोनवाले. रविवारी दुपारी तेच फोन करतात…

हो. दोन म्हैने झाले असतील… नऊ आठवडे. न्हाई गं, मोजले न्हाई. लॅबमध्ये समोरच कॅलेंडर आहे ना, नजर जाते.

मी करणारच होते फोन. खरंच. शप्पथ न्हाई घेत, पण करणारच होते… मंग सोयाबीनचा सीझन, नमुन्यांचे ढीगच्या ढीग… हो, एकटीच मोजते आता. तुझ्या जागेवर कोणी आलं न्हाई अजून…

आले गं मावशी! कुरडया उलट्या करते, वरच आहे मी!… काही न्हाई, बेबीनंदा मावशी. गच्चीवर कुरडया घातल्यात, तिला वाटतं कावळे माझीच वाट पाहून राह्यले.

तू बोल. आष्टीत ऊन किती?… इकडं पण. जालन्यात तर नळाचं पाणी चहाला टाकावं असं येतं.

काय?… गेम? तू परत खेळून राह्यलीस?… परवेजच्या लॅपटॉपवर. तोच आपला गेम?… अरे वा. मला वाटलं तू आता गेमचं नावच काढणार न्हाई. म्हंजे… त्या सगळ्यानंतर…

न्हाई, बोल बोल. ऐकून राह्यले.

नवीन कॅरेक्टर. हां. मंग वॉरियरच घेशील… काय? रोग, म्हंजे चोर? तू चोर घेणार, गजाला?

हसू नको तर काय करू! जी बाई राक्षसांच्या टोळीत ढाल आपटत, 'या रे या, कोण कोण येतं' म्हणत घुसते, ती अंधारात गप बसणार? तुला दम निघेल का? तुझ्या त्या वॉरियरनं, आपल्या बडीबीनं, कधी एक दार हातानं उघडलं? लाथ घालूनच आत… हो, ते तर होतंच. ते दार उघडंच होतं. तरी घातली लाथ.

बरं बरं, सांगते. ऐक. वॉरियरचं सरळ असतं. पॉइंट दोनच ठिकाणी टाकायचे, ताकदीत आणि जिवात. अंगावर जाड चिलखत, हातात ढाल. चार वार बसले तरी उभाच. चुकलं तर सावरायला टाइम मिळतो… चोराचं तसं बिलकुल न्हाई. चोराचा जीव एवढासा. दोन वारात आडवा. त्याचं सगळं चपळाईवर, आणि चोरपावलांवर… हो, स्टेल्थच. लपून चालायचं कसब. जितकं लपून चालशील तितका तो आकडा वाढतो. शून्यापासून शंभरपर्यंत.

समोरून न्हाई जायचं बाई! समोरून गेलीस की मेलीस. मागून. दुश्मनाची पाठ आपल्याकडं आली की खंजीर. एका वाराचे सहा वार धरतात… आता पाठ आपल्याकडं कवा येईल? त्याच्या समोर दुसरं कोणी उभं असंल तवाच ना. आठव, बडीबी समोर ओरडायची, सगळे तिच्यावर धावायचे, आणि माझा चोर, मुंगूस, हळूच मागून…

हो. मार सगळा बडीबीला.

हो गं. आणि नाव मुंगसाचं.

…न्हाई, कुठं काय. ऊन लागून राह्यलं जरा. टाकीच्या सावलीत येते.

माझं ऐक, तू वॉरियरच घे. एकट्या चोराचे लई हाल होतात. समोर ढाल धरणारं कोणी नसलं ना, तर चोर नुसता कोपऱ्यात बसून राहतो… का पण? तुला तर तीच आवडायची.

…असं नको बोलू.

न्हाई गजाला, असं नको बोलू. कोण म्हणलं तुझ्या भरोशावर राहता येत न्हाई?… तूच म्हणून राह्यलीस. गेमचा आणि त्याचा काय संबंध?… हां… ढाल धरणाऱ्यावर मागच्याचा जीव असतो, त्यानं विसरून कसं चालंल… ते बराबर आहे. पण तू कुठं…

चार चार येळा बघतीस? गॅस बंद केला तरी?… आणि बाहेर पडलं की कुलूप. बसस्टँडवरून परत आलीस? कुलूप बघायला?… लागलेलंच होतं ना मंग!… हो, पण दर येळी लागलेलंच असतं ना.

तुझी अम्मी, चाची, काय म्हणतात?… तुझ्या मागून त्या परत बघतात. अच्छा… पाहुण्यांसमोर? काय म्हणल्या?… 'हमारी गजाला भुलक्कड है, इसके हाथ में कुछ मत दो…'

अगं मजाकमध्ये म्हणल्या असतील. त्यांचा स्वभावच… न्हाई. बरं. तुला न्हाई वाटली मजाक. मला पण न्हाई वाटली असती.

काय?… थांब थांब, मधूनच काय सांगितलंस? कुठली कंपनी?… औद्योगिक वसाहतीतली, बियाण्याचीच. आणि काम? उगवण चाचणीचं?… अगं मंग तर तुझंच काम! मुलाखत कवा आहे?… उद्या अकराला. मंग सकाळी पहिल्या बसनं निघ, इकडं माझ्याकडं ये, नाश्ता करून…

जाणार न्हाई म्हंजे?

तुझं डोकं फिरलं का? तुझ्यासारखं बी मोजणारी मी पाह्यली न्हाई. शंभर म्हणलं की शंभर. मी मोजलं की कधी अठ्ठ्याण्णव, कधी एकशे एक. सर तुलाच परत मोजायला लावायचे. तिकडं गेलीस ना तर…

…हो. सर मला आठवतात. राधेश्याम सरांना विसरून कसं चालंल, रोज समोर असतात.

ते दोनशे ट्रे मला पण दिसतात, गजाला. तुला वाटतं तुलाच दिसतात का? वास पण येतो. उकडलेल्या सोयाबीनचा. सोमवारी सकाळी उगवणीच्या चेंबरचं दार उघडलं आणि… पंचवीस डिग्री पाह्यजे तिथं चाळीसच्या वर. कोंब आले होते ना बारीक, सगळे पिवळे, झोपलेले… हो. लॅबचा कॉम्प्युटर बंद पडल्ता म्हणून चेंबरचं तापमान सांभाळणारा प्रोग्राम बंद पडला. आणि कॉम्प्युटर गेमनं बंद पाडला. माहिती आहे मला. तू मला का सांगून राह्यलीस? मी तिथंच होते ना.

हो. सरांनी विचारलं, शनिवारी गेम कोणी चालू ठेवला. आणि तू म्हणलीस, सर, मी.

मी बाजूलाच उभी होते. हो.

एक विचारू? तुला खरंच आठवतं का, तू चालू ठेवून गेल्तीस ते?… आठवत न्हाई. मंग म्हणलीस कशाला?… हो, दोनची परतूरची बस होती, पळत गेल्तीस, शेवटी तूच खेळत होतीस… 'राहूनच गेलं असणार.' असणार. एवढ्या 'असणार'वर तू घरी बसलीस?

चिडले न्हाई मी. तुझ्यावर कशाला चिडू? मी… मावशी, आले ना! दोन मिनिट! कावळे नाहीत गं इथं!

हां बोल. चोराचं बोल. ते बरं.

माझा मुंगूस? कुठं दिसला तुला?… कोणतं पेनड्राइव्ह?… हां. ते. मी दिल्तं, हो. शेवटच्या दिवशी. आपला सेव्ह केलेला गेम कॉपी करून दिल्ता. आठवण म्हणून…

…काय आहे शंभर?

चोरपावलं. हो का. शंभर दिसतात?

…असतील. खेळून खेळून वाढतात ना.

चाळीस? शनिवारी चाळीस होते? तुला कसं एवढं आठवतं?… हां, तू चिडवायचीस. 'तुझ्या मुंगसाला शिंक आली तर सगळं राज्य उठतं.' चाळीसच होते मंग… ते… मी उस्तादाकडून शिकवून घेतलं. त्या पहिल्या गावात एक उस्ताद असतो ना, टोपीवाला, त्याच्याकडं…

…हो. त्याला तर बडीबीनं मारलं होतं. पहिल्याच दिवशी. चुकून. हो, आठवलं… 'सलाम कर' म्हणून बटण दाबायचं होतं आणि तलवार निघाली. हो.

मंग काढ्यानं वाढले असतील. तो हिरवा काढा… तेवढ्या येळेपुरताच वाढवतो? हो, तेवढ्यापुरताच.

काय म्हणलीस? चोराच्या मनात चांदणं?… कशाला म्हणलीस असं?… गेमचं म्हणून राह्यलीस. हां. गेमचं.

अगं सांगत न्हाई म्हंजे काय, लपवायचं काय त्याच्यात. युक्ती असते एक. तुला कशाला पाह्यजे?… नवीन चोराचे पण एका दिवसात शंभर करायचेत. अच्छा. म्हणून फोन केलास. तेवढ्यासाठी.

…

हॅलो. हो, आहे. आहे मी.

गजाला, तू एकटी आहेस का?… चाची कुठं आहेत?… चुलीपाशी. बरं. बस कुठं तरी. खाली बस. मी पण बसते.

ऐक. मधी बोलू नको. मधी बोललीस ना, तर मी दुसरं काही तरी सांगंन. मला सवय लागली आता.

तो किल्ल्यातला पहारेकरी आठवतो? झोपलेला. त्याच्या पाठीमागं भिंत होती. मुंगसाला तिथं नेलं, लपायचं बटण दाबलं, आणि तोंड भिंतीकडं केलं. मंग पुढं चालायच्या बटणावर वजन ठेवलं. म्हंजे तो भिंतीला नाक लावून चालतच राहतो. जात कुठंच न्हाई, पण चालतो. पहारेकरी उठत न्हाई, म्हणून लपणं जमलं असं धरतात, आणि आकडा वाढत जातो. हात लावायची गरज न्हाई. हे आहे ते. युक्ती.

वजन?… सोयाबीनच्या नमुन्याचा पुडा. अर्ध्या किलोचा.

…हो. लॅबमधला.

तू बंद केल्ता, गजाला.

गेम. शनिवारी. तू बंद करून गेल्तीस. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं. गेम बंद केला, खुर्ची आत सरकवली, माऊस सरळ ठेवला. पळत होतीस तरी माऊस सरळ ठेवलास. दारातून म्हणलीस पण, 'दीपू, बंद केलं गं, निघते.' तुझ्या ध्यानात न्हाई. माझ्या आहे. नऊ आठवडे झाले, तेच ऐकू येतं.

तू गेल्यावर मी परत चालू केला.

…मला वाटलं, सोमवारी तू आलीस की दाखवीन. शंभर. मंग बघ म्हणावं, शिंकतो का माझा मुंगूस. एवढंच. बाकी काहीच न्हाई. पुडा ठेवला, स्क्रीन काळी केली, म्हंजे शिपायाला दिसू नये, आणि दार लावून घरी आले. शनिवार दुपारपासून तो चालतच होता. भिंतीला नाक लावून. आणि गेम आपोआप सेव्ह करत राह्यला, दर पाच मिनिटाला एक, दर पाच मिनिटाला एक. रविवारी त्यानं कॉम्प्युटर सगळा भरून टाकला. जागाच न्हाई उरली. म्हणून तापमानाचा प्रोग्राम बंद पडला. मला हे ठाऊक नव्हतं गं. गेमनं असं होतं हे मला खरंच…

न्हाई. ते न्हाई सांगायचं मला. ठाऊक नव्हतं ते शनिवारी. सोमवारी ठाऊक झालं ना.

सोमवारी मी तुझ्या आधी आले. पुडा अजून बटणावरच होता. मी उचलला आणि खणात टाकला. मंग सर आले. मंग तू आलीस. सरांनी विचारलं, आणि मी तोंड उघडणारच होते… म्हंजे मला वाटतं उघडणार होते… आणि तू म्हणलीस, 'सर, मी.'

मी मूग गिळून बसले.

न्हाई. बसले असते तरी चाललं असतं. सर माझ्याकडं वळले, म्हणले, तुला माहिती होतं का? आणि मी म्हणले… तुला आठवतं ना काय म्हणले… 'न्हाई सर, मी लवकर गेल्ते.'

…

गजाला?

शिव्या दे. उर्दूत दे, मला कळतात.

…हो. रोज वाटलं. दुसऱ्या दिवशीच वाटलं. मंग तू सामान न्यायला आलीस, आणि मलाच म्हणलीस, 'तुझा मुंगूस सांभाळ.' मला रडू आलं, तू मलाच पाणी आणून दिलंस. तवा सांगायला पाह्यजे होतं. मंग एप्रिलमध्ये मला कायम केल्याचं पत्र आलं. मावशीनं गल्लीत पेढे वाटले. तुला पाठवायची हिंमत झाली न्हाई. त्याच्यानंतर सांगणं अजून कठीण झालं. जितके दिवस जातात ना, तितकं लपणं सोपं आणि बोलणं कठीण. मला लाज वाटते, गजाला. आरशात केस विंचरते तवा पण खालीच बघते.

…तुझं गॅसचं ऐकलं नसतं तर आज पण न्हाई सांगितलं असतं. खरं सांगते. मी उस्तादावर ढकललं असतं, काढ्यावर ढकललं असतं. तू म्हणलीस, बसस्टँडवरून कुलूप बघायला परत आले… ते मी केलं. तुझ्या डोक्यात ते मी घातलं.

उद्या सांगते सरांना. सकाळी गेल्या गेल्या. पक्कं.

काय?… आत्ता? अगं आज रविवार. सर जेवून झोपले असतील. आणि फोनवर असं कसं… समोर बसून नीट…

…हो. तू म्हणतीस ते बराबर. उद्या सकाळी मी परत लवकर गेलेली असंन.

थांब. तू लाईनवरच राहा. कॉन्फरन्सवर घेते. मला हे नीट येत न्हाई… जोडलं का? वाजून राह्यलं. तुला ऐकू येतं?… राहू दे. नसतील उचलत. नसतील बहुतेक, झोपले…

सर? नमस्कार सर. मी दीपमाला बोलते… नाही सर, उद्याची सुट्टी नको आहे… नाही, चेंबर ठीक आहे. मी काल दोनदा पाहिलं… सर, झोपमोड झाली, माफ करा, पण… सर, गजालापण लाईनवर आहे. हो, आपली गजाला.

सर, मार्चमधल्या त्या शनिवारी गेम गजालानं चालू ठेवला नव्हता. मी ठेवला होता. तिनं बंद केला, ती गेली, नंतर मी परत चालू केला. बटणावर नमुन्याचा पुडा ठेवून घरी गेले. सोमवारी तुम्ही यायच्या आधी पुडा मी उचलला. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.

…हो सर. दोनशे ट्रे. माझ्यामुळे.

नाही सर, तिनं मला हे बोलायला लावलेलं नाही… म्हणजे हो, फोन आत्ता कर असं तीच म्हणाली. पण झालेलं आहे ते मीच केलेलं. तिला पाच मिनिटांपूर्वीपर्यंत माहितीपण नव्हतं. तिला वाटत होतं तीच विसरली.

…कारण सर, तिला आठवत नव्हतं, आणि तिला वाटलं कोणीतरी हो म्हणायला पाहिजे… नाही सर, मी नाही म्हणाले. मी गप्प बसले.

…जी सर. लिहून आणते. साडेनऊला. पुड्याचंपण लिहिते… कायम केल्याचं पत्र? हो सर, बरोबर घेऊन येते… समजलं सर… नाही, मला काही म्हणायचं नाही.

सर, एकच. गजालाची उद्या मुलाखत आहे. तिकडून कोणी तुम्हाला विचारलं, तर खरं ते… बरं सर. बरं. नाही बोलत.

गजाला, सर तुझ्याशी बोलून राह्यले… बोल ना.

…

…

ठेवला सरांनी. आहेस का तू?

हो, ऐकलं. तू त्यांना 'शुक्रिया' कशाला म्हणलीस? त्यांनी 'सॉरी' म्हणल्यावर म्हणायचंच असतं का?… मला न्हाई, त्यांना म्हणलीस. कळलं. मी कुठं म्हणून राह्यले की मला म्हण.

नोकरीचं माहिती न्हाई. पत्र परत घेतील वाटतं. आवाजावरून तर घेतील. घेऊ दे… न्हाई गं, मला भीती वाटून राह्यली, खोटं कशाला बोलू. मावशीला काय सांगू ते पण कळंना. पण तुझ्यापुढं ते रडगाणं नको.

उद्या जाशील ना अकराला?… मला न्हाई सांगणार. बरं. तो हक्क गेला माझा.

…हो. पाह्यजे तितके दिवस नको बोलू. मी फोन करणार न्हाई. तू करशील तवा उचलीन… केलाच न्हाईस तर न्हाई. मंग काय.

माफ कर असं म्हणू का?… न्हाई म्हणू. बरं. न्हाई म्हणत.

ठेव तू… हो. ठेव.

…

गजाला, फोन कापला न्हाईस तू. लाल बटण दाब. चालूच आहे अजून… गजाला?… ठेवून पळाली वाटतं. चपलांचा आवाज…

…'अम्मी, मैं भूली नै थी.'

परत म्हणली… 'अम्मी सुनो तो, मैंने बंद किया था.' रडून राह्यली का हसून राह्यली, कळंना… चाची विचारून राह्यल्या. काय विचारतात?… 'फिर किसने चालू रखा था?'

सांग ना. सांग माझं नाव. गजाला, सांग.

…

'कोई भी हो, अम्मी. मैं नै थी बस.'

न्हाई. न्हाई गं. पुन्हा नको. पुन्हा समोर उभी नको राहू माझ्या… चाची! चाची, फोन चालू है! इधर! चाची, मैं थी! दीपमाला! मैं थी, चाची!

मावशी, थांब तू! ओरडू दे मला! ऐकलं तर ऐकू दे गल्लीला!… चाची! हॅलो! फोन उचला ना कोणी!

…

हॅलो?… कौन, चाची?… सलाम चाची… जी. मीच. दीपमाला, लॅबवाली… जी, वही, जो ईद को आती थी…

गजालाने बंद किया था, चाची. वो गई, फिर मैंने चालू किया. घर जाते टाइम मैंने बंद नै किया. सर ने पूछा तो मैं चुप बैठी. उसकी नौकरी मेरे वास्ते गई. वो भुलक्कड नै है. कुछ बी नै भूली वो. पाहुण्यांना पण सांगा तसं… जी, जिनके सामने बोले थे ना आप, उनको बी बोलो.

…जी.

जी. दो महीने. जी, नऊ आठवडे… नै चाची, डर के मारे… जी, बराबर है. शरम आनी चाहिए… आती है, चाची.

…बोलो ना. और बोलो. आप रखोगे तब तक मैं नै रखती.

…जी.

…जी चाची.

…

ठेवला त्यांनी.